व्याकरण चुकलं की खेळ अडला पाहिजे

इंग्रजीच्या तासाला खेळ घ्यावेत की घेऊ नयेत, यावर आता कुणी भांडत नाही. प्रशिक्षणवर्गात 'आनंददायी', 'कृतियुक्त' हे शब्द चहाच्याही आधी येतात. कागदावर सगळेच खेळाच्या बाजूचे. तरीही नागपुरातल्या एखाद्या मराठी शाळेत जा, महाल भागात जा नाहीतर पारडीला, आणि दहावीतल्या मुलाला म्हणा, 'मला इंग्रजीत एखादा प्रश्न विचार बरं.' बहुतेक वेळा तो हसेल, बाजूच्याकडे पाहील आणि 'यू आर लिव्हिंग व्हेअर?' असं काहीतरी बोलून मोकळा होईल. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे आजचा दहावीचा मुलगा दहा वर्षं इंग्रजी शिकलेला आहे. या दहा वर्षांत त्याने ढिगाने उत्तरं लिहिली. स्वतःहून प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर जवळजवळ आलीच नाही.

मला सगळ्या दुखण्याचं मूळ इथे दिसतं. आपल्या वर्गात प्रश्न विचारायचा मक्ता शिक्षकाकडे असतो. मुलाच्या वाट्याला उत्तर येतं, तेही एका शब्दाचं किंवा पुस्तकातल्या ओळीचं. परीक्षेत एक ठरलेला प्रकार असतो, अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा. तो मुलं सोडवतात, गुणही घेतात, कारण तिथे ठोकताळा चालतो: 'व्हेन' टाका, 'डिड' टाका, क्रियापदाचं पहिलं रूप टाका. पण उत्तर आधीच समोर छापलेलं असताना विचारायचं ते काय? शिवाय इंग्रजी प्रश्न ही मराठी मुलासाठी मुळातच अडचणीची जागा आहे. 'तू जेवला'च्या शेवटी 'का' लावला की मराठीत काम भागतं, वाक्यातलं काही जागचं हलत नाही. इंग्रजीत 'डू'चं एखादं रूप आणून पुढे बसवायचं, काळ आणि वचन त्याच्यावर लादायचं आणि मूळ क्रियापद पुन्हा मोकळं करायचं. 'डिड यू वेन्ट' ही चूक आळशीपणाची नव्हे. भूतकाळ दोन्हीकडे दाखवला तर बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. नियम सांगून ही सवय सुटत नाही. खरोखर उत्तर हवं असलेले शेकडो प्रश्न विचारले की सुटते, आणि उत्तराची अशी ओढ वर्गात खेळाइतकी दुसऱ्या कशाने लागताना मी पाहिलेली नाही.

एक खेळ जरा सविस्तर सांगतो. इंग्रजीच्या शिक्षकांमध्ये तो 'अ‍ॅलिबाय' म्हणून ओळखला जातो; आमच्या वर्गात त्याचं नाव 'जबानी' पडलं. काल संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान शाळेची घंटा चोरीला गेली, असं फळ्यावर लिहायचं. संशय दोन मुलींवर. त्यांचं म्हणणं, त्या वेळी आम्ही दोघी फुटाळा तलावावर होतो. दोघींना व्हरांड्यात पाठवायचं, पाच मिनिटांत काय ती गोष्ट जुळवून घ्या म्हणायचं. मग एकीला आत बोलवायचं, दुसरी बाहेरच. सगळा वर्ग पोलीस. दोघींच्या जबानीत तीन ठिकाणी फरक सापडला तर चोरी सिद्ध.

पहिले प्रश्न सपक असतात. कुठे होत्या, कशाने गेल्या, ही उत्तरं दोघींनी जुळवलेलीच असतात. थोड्या वेळाने पोलिसांच्या ध्यानात येतं की बारकाव्यात शिरल्याशिवाय काही हाती लागणार नाही. काय खात होत्या? भुट्टा. भुट्टेवाल्याच्या अंगात कोणत्या रंगाचा शर्ट होता? तिथून आधी कोण निघालं? आणि वर्षभर 'येस सर'च्या पुढे न गेलेला मागच्या बाकावरचा मुलगा ताडकन उठून विचारतो, 'हू डिड पेड?' आरोपी मुलगी हाताची घडी घालून गप्प उभी राहते. खेळाचा नियमच तसा आहे: प्रश्न चुकीचा असेल तर आरोपीला गप्प बसायचा हक्क आहे. शिक्षकाने मध्ये तोंड घालायचं नाही. आरोपीने चुकीचा प्रश्न चालवून घेतला किंवा बरोबर प्रश्नावर ती अडून बसली, तरच मान हलवायची. मग त्या बाकावर आमच्या नागपुरीत खल सुरू होतो. 'अबे, डिड असला तर पे येते ना.' 'पण हू आहे तर डिड कायले पाहिजे?' दोन-तीनदा चुकून, सुधारून शेवटी 'हू पेड?' येतं आणि मुलीला बोलावं लागतं. पैसे मैत्रिणीने दिले, म्हणते. मग बाहेरची आत येते तेव्हा तोच प्रश्न, आता अगदी चोख, वर्गातून चार ठिकाणांहून एकदम तिच्या अंगावर येतो.

हा गप्प बसायचा हक्क म्हणजे या खेळाचा जीव. तो काढून टाका. खेळ तेवढाच रंगेल, पोरं तेवढीच हसतील, पण 'हू डिड पेड'वरही गाडी पुढे सरकेल आणि व्याकरणाचा तास म्हणून त्याला काही किंमत उरणार नाही. म्हणून खेळ निवडताना मी एवढंच बघतो की व्याकरण चुकल्यावर तो अडतो का. अडत असेल तर तो वेळापत्रकात हक्काने आला पाहिजे. अडत नसेल तर स्नेहसंमेलनाला ठेवावा.

या कसोटीला आपला राजा-मंत्री-चोर-शिपाईसुद्धा उतरवता येतो. चिठ्ठ्या उघडल्यावर मंत्र्याला उरलेल्या दोघांतून चोर ओळखायचा असतो. एरवी तो बोट दाखवून मोकळा होतो. त्याला अट घाला, की 'मस्ट बी' नाहीतर 'कान्ट बी' आणि पुढे 'बिकॉज' असल्याशिवाय ओळख धरणार नाही. 'शी कान्ट बी द थीफ, बिकॉज शी इज लुकिंग अ‍ॅट मी.' एरवी कितीही शिकवलं तरी 'मस्ट' म्हणजे 'केलंच पाहिजे' एवढंच मुलांच्या डोक्यात उरतं; त्याचा अंदाजाचा अर्थ इथे काही डावांत अंगवळणी पडतो. खर्च म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू आणि एक कात्री. बर्डीच्या बाजाराचे दोन नकाशे काढा, एकावर पाच दुकानं दाखवलेली, दुसऱ्यावर ती जागा रिकामी. पाठीला पाठ लावून बसलेल्या जोडीने विचारून विचारून नकाशा पुरा करायचा म्हटलं की 'बिसाइड', 'अपोझिट', 'बिट्वीन' यांच्यावाचून काही हलत नाही. असे खेळ पुष्कळ आहेत आणि शिक्षकांना ते सुचतातही. अडचण सुचण्याची नाही.

अडचण अशी, की 'खेळातून व्याकरण' या नावाखाली प्रत्यक्षात भलतंच चालतं. स्मार्ट बोर्डावर एक चक्र फिरतं, चार पर्याय येतात, घड्याळ टिकटिकतं, बरोबर आलं की पडद्यावर फटाके. ही वस्तुनिष्ठ चाचणीच आहे, फक्त रंगीत. मुलं पर्याय निवडतात, वाक्य कुणीच बनवत नाही. दुसरा लाडका प्रकार म्हणजे चुकला की आऊट. गोलात उभं राहून 'गो-वेन्ट-गॉन' म्हणत जायचं, अडला तो खाली बसला. पाच मिनिटांत वर्गातली पहिली तीन मुलं उभी असतात आणि बाकीचा वर्ग बसून टाळ्या वाजवतो. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात आधी खेळाबाहेर! खो-खोत बाद झालेला गडी निदान पळून दमलेला तरी असतो. (मुलं विरुद्ध मुली अशा फळ्या पाडायची हौस कशासाठी असते, तेही मला कळलेलं नाही. भांडण व्याकरणाचं राहत नाही, एवढं नक्की.)

खेळवाल्यांत एक भाबडा पंथही आहे. मूल आईची भाषा शिकतं तशी इंग्रजीही खेळता खेळता आपोआप येईल, नियम सांगूच नका, असं तो म्हणतो. त्यासाठी अमेरिकी भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा हवाला दिला जातो. समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली की ती आत्मसात होते, हा त्यांचा सिद्धांत. आपल्या मुलाच्या कानावर ती रोज एक तास पडते, तोही पस्तीस-चाळीस मिनिटांचा. विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात आणि मार्चपासून सकाळची शाळा, म्हणजे तास आणखी आखूड. आणि खरोखर भरपूर भाषा मिळाली तरी काय होतं, ते कॅनडाने दाखवलं आहे. तिथे क्युबेक प्रांतात १९६५ पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेत फ्रेंचमधूनच शिकवायचे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये राहून त्या मुलांना समजायला उत्तम लागलं, पण बोलता-लिहिताना लिंग आणि क्रियापदाची रूपं चुकतच राहिली. तिथल्याच भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं, की ऐकून भागत नाही, मुलाला स्वतः वाक्य घडवावं लागतं. घडवताना अडलं की त्याचं लक्ष रचनेकडे जातं. हे पडताळायला फार लांब जायला नको. नागपुरात गल्लोगल्ली कॉन्व्हेंट आहेत. तिथली मुलं बिनधास्त म्हणतात, 'टीचर, ही डिडन्ट गेव्ह माय पेन्सिल.' ती धिटाई मला आपल्या मराठी शाळेतल्या मुलांत हवीच आहे. पण हे 'डिडन्ट गेव्ह' कितीतरी जणांच्या तोंडी कॉलेजातही टिकून असतं, कारण त्यामुळे कधी कुणाचं काही अडलं नाही. पेन्सिल मिळून जाते.

आपल्याकडचा एक प्रयोग या बाबतीत फार शिकवून जातो. १९७९ ते १९८४ या काळात, ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात असलेल्या एन. एस. प्रभूंनी बंगळूर, मद्रास या भागातल्या साध्यासुध्या शाळांमध्ये व्याकरणाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून इंग्रजी शिकवली. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं, नकाशा ठेवायचा आणि डोकं चालवल्याशिवाय सुटणार नाही असं काम द्यायचं. पुढे झालेल्या मूल्यमापनाने, सावध शब्दांत का होईना, प्रयोगाच्या बाजूने कौल दिला. मला त्यातली एक गोष्ट फार पटते. सगळे गटकाम गटकाम करत असताना प्रभू त्याबद्दल साशंक होते. मुलं आपसांतच बोलत राहिली तर एकमेकांच्या चुका पक्क्या करतील, म्हणून शिक्षक समोर हवा, असं त्यांना वाटे. गट पाडून दिले की शिक्षकाचं काम संपलं, असं समजणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. 'जबानी'त मुलं बाकावर खल करतात, पण बरोबर की चूक ते सगळ्यांसमोर ठरतं.

नियम सांगायचाच नाही, इथे मात्र मी प्रभूंसोबत नाही. खेळ आटोपला की शेवटची दहा मिनिटं खडू हातात घ्यावा आणि मराठीत सरळ सांगावं: पैसे कुणी दिले असं विचारताना 'हू' स्वतःच कर्ता असतो, म्हणून तिथे 'डिड' लागत नाही, कुणाला दिले असं विचारायचं असेल तेव्हा 'डिड' लागतो. आत्ताच त्यावरून भांडलेल्या वर्गाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. तासाच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर ते वहीत उतरलं असतं आणि वहीतच राहिलं असतं.

आणि मराठीत म्हणजे मुलांच्या मराठीत. आमच्याकडे 'तो खेळून राहिला' म्हणतात आणि त्यावरून बाहेरचे लोक हसतात. पण इंग्रजीतला चालू काळ शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. 'तो खेळतो' वेगळं आणि 'तो खेळून राहिला' वेगळं, हा भेद नागपूरच्या मुलाच्या तोंडात आधीपासून आहे. 'ही प्लेज' आणि 'ही इज प्लेइंग' त्यावर अलगद बसतात. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणणाऱ्या मुलाला विचारा, 'मले दोन भाऊ असून राहिले' म्हणशील का रे? वर्ग खो-खो हसतो आणि चूक कळते. 'अंडरस्टँड'च्या बाबतीत मात्र ही युक्ती दगा देते, कारण 'मले समजून नाही राहिलं' आम्ही दिवसातून दहादा म्हणतो. ते वेगळं सांगावं लागतं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची नाही असा फतवा काढणाऱ्या शाळा हे सगळं भांडवल दाराबाहेर ठेवतात.

आता पालक. 'शाळेत खेळायले पाठवतो काय आम्ही?' असं विचारणाऱ्या पालकाला मागासलेला म्हणायची पद्धत आहे. मला त्याचं म्हणणं रास्त वाटतं. धरमपेठेतल्या मुलाच्या घरी इंग्रजी पेपर येतो, मामा पुण्यात कंपनीत असतो, शिकवणी असते. कळमना मार्केटात हमाली करणाऱ्याच्या पोराला इंग्रजी मिळते ती त्या एका तासात. तो तास रंगीत चक्र फिरवण्यात गेला, तर धरमपेठेतल्या पोराचं काही बिघडत नाही. नुकसान होतं ते याचं. म्हणून खेळ कोणता, हा प्रश्न गरिबांच्या शाळेत जास्त कडकपणे विचारला पाहिजे. आणि त्या बापाला तासाला बोलवावं, मागच्या बाकावर बसवावं. पोरगं उभं राहून इंग्रजीत जाब विचारताना पाहिलं की त्याची तक्रार राहील असं मला वाटत नाही.

तक्रार खरी येते ती भिंतीपलीकडून. खेळात आवाज होतोच. शेजारच्या वर्गात गणित चाललेलं असतं, मुख्याध्यापक व्हरांड्यातून डोकावतात आणि शिपाई निरोप घेऊन येतो. शिस्त म्हणजे शांतता हे समीकरण बहुतेक शाळांत इतकं घट्ट आहे, की नवा शिक्षक पहिल्या महिन्यातच खेळ सोडून देतो. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पण ही सरासरी धरून प्रत्येक वर्ग तेवढाच असतो असं नाही, आणि नववी-दहावी त्या कायद्याबाहेरच. साठ मुलांच्या वर्गात लांब बाकांमधून उठून फिरायलाही जागा नसते. 'जबानी'सारखे खेळ मला म्हणूनच आवडतात, बाक हलवावे लागत नाहीत. एका इमारतीत इंग्रजीचे तास एकाच वेळी लावले तर आवाजाचं भांडणही बरंच मिटेल. पण ते वेळापत्रक बसवणाऱ्याने मनावर घेतलं पाहिजे.

वरिष्ठांची मागणी वेगळीच असते. उपक्रम घेतला का, फोटो टाका. एका शाळेत मी पाहिलं, मुलांच्या हातात शब्दांच्या पाट्या देऊन त्यांना वाक्याच्या क्रमाने उभं केलं, फोटो काढला, पाट्या गोळा केल्या आणि पाठ पुढे सुरू. वाक्य शिक्षकानेच लावून दिलं होतं, कारण मुलांनी लावलं असतं तर वेळ गेला असता आणि फोटोत चूक दिसली असती. व्याकरणाचा खेळ जिथे खरा चालतो तिथे चूक दिसणारच, बराच वेळ दिसणार. असल्या फोटोंची मागणी बंद केली तरी निम्मं काम होईल. प्रशिक्षणातही चित्रफिती दाखवण्याऐवजी शिक्षकांनाच एखादी अजिबात न येणारी भाषा, समजा तेलुगू, खेळातून तासभर शिकवावी. कुठला खेळ नुसता हसवतो आणि कुठला शिकवतो, ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलेलं असेल.

आणि शेवटी गुण. मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी तृतीय भाषा असते, ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातात. मार्च २०१९च्या परीक्षेपुरते भाषांचे हे २० गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळं खापर यावर फोडता येणार नाही. पण ओरड झाली ती याच गुणांसाठी, आणि पुढच्या वर्षापासून ते परत आले. ते कसे दिले जातात हे शाळेत वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: पाठ केलेली ओळख, 'माय नेम इज'पासून 'माय हॉबी इज'पर्यंत, आणि अठरा.

यातले दहा गुण प्रश्न विचारण्यासाठी ठेवावेत. परीक्षक शेजारच्या शाळेचा. त्याच्याकडे एक चिठ्ठी, तिच्यावर एखादी जागा, वस्तू किंवा घडलेली गोष्ट. मुलाने दहा प्रश्नांत ती शोधायची. प्रश्न चुकला तर परीक्षक गप्प. सुधारून विचारायला परवानगी, आणि सुधारलेल्या प्रश्नालाही पूर्ण गुण. परीक्षक आपलाच माणूस असणार, गुण सढळ हाताने वाटले जाणार, ही शंका मला मान्य आहे. आजही ते तसेच वाटले जातात. फरक इतकाच पडेल, की जूनच्या शेवटी शाळा उघडली की दहावीच्या शिक्षकाला फेब्रुवारीच्या त्या दहा प्रश्नांची तयारी सुरू करावी लागेल, आणि ती तयारी पाठ करून होत नाही.